तारापूरची वीज, परळचा केसपेपर

वसई-विरारच्या माणसाच्या आयुष्यात अणुऊर्जा विभाग दोन वाटांनी येतो आणि त्यांतली दुसरी वाट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली वाट तारापूरची. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उभे असलेले देशातले पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर चालू झाले, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुसरी वाट दक्षिणेला जाते. घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले की पहाटेची विरार लोकल पकडायची, प्रभादेवीला उतरायचे, पूल ओलांडून परळला टाटा रुग्णालय गाठायचे आणि केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. हे रुग्णालय १९४१ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले, १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. तारापूरची भट्टी आणि परळची केमोथेरपीची खाट यांचा कारभार एकाच विभागाच्या छत्राखाली चालतो.

या जोडणीमागे होमी भाभांची दूरदृष्टी होती. किरणोत्सारी पदार्थ हाताळू शकणारा देश त्यांचा उपयोग रोग्यासाठीही करू शकतो, त्यासाठी रुग्णालय आणि प्रयोगशाळा जवळ हवीत, हे त्यांनी ओळखले होते. टाटा रुग्णालयाच्या आवारातच १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतून निघालेली समस्थानिके तिथे थायरॉइडच्या रोग्यांपर्यंत पोहोचू लागली. पुढे १९७४ मध्ये ट्रॉम्बेलाच आयसोमेड हा प्रकल्प उभा राहिला. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी शस्त्रक्रियेचे साहित्य निर्जंतुक करण्याचे काम तो करतो.

आज जगभरात तेल, कोळसा किंवा अणुवीज यांवर जगणारी शहरे विद्यापीठांतल्या जीवविज्ञानातून नवा उद्योग उभा करण्याच्या विचारात आहेत. त्यांचे आराखडे वाचताना मला पालघर जिल्हा आठवत राहतो. तारापूरचे अणुवीज केंद्र, डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, बोईसरची रासायनिक वसाहत आणि या सगळ्याच्या दक्षिण टोकाला २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर पोहोचलेले वसई-विरार, हे सगळे एकाच जिल्ह्यात आहे. इथे जीवविज्ञान रुजेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. भाभांच्या हातून दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की पुरते.

तारापूरचा निर्णय साठच्या दशकाच्या सुरुवातीला झाला. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या बांधून चालू स्थितीत हवाली करायच्या असे ठरले आणि सहा वर्षांत वीज आली. भाभा ती पाहायला नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात ते गेले होते. पण आराखडा तयार होता, यंत्रे ठरलेली होती, पैसा ठरलेला होता. ऊर्जेचा प्रकल्प असा आणून बसवता येतो. त्यासाठी अक्करपट्टी-पोफरणसारखी गावे पुढच्या टप्प्यात उठवावी लागतात, हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एका तिशीतल्या माणसाला बोलावून घेतले. ओबेद सिद्दीकी मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. अलिगडला शिकलेले, ग्लासगोला जनुकशास्त्रात डॉक्टरेट केलेले आणि तेव्हा अमेरिकेत जिवाणूंच्या जनुकांवर काम करणारे. लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने त्यांची गाठ भाभांशी घालून दिली. अणुबाँबच्या कल्पनेशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो झिलार्ड उत्तरायुष्यात जीवशास्त्राकडे वळला होता, हे इथे आठवण्यासारखे आहे. गणित आणि भौतिकीच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा एक छोटा विभाग उघडला गेला. त्याला कोणतेही उत्पादन द्यायचे नव्हते आणि अमुक वर्षांत निकाल दाखवण्याची अटही नव्हती. सत्तरच्या दशकात सिद्दीकी फळमाश्यांकडे वळले. तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचे वाण त्यांनी सीमोर बेंझरबरोबर शोधले. चेतातंतूंतून संदेश कसा वाहतो हे समजायला त्या माश्यांचा मोठा उपयोग झाला. मग वेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनीबरोबर त्यांनी वासाचा अभ्यास मांडला. माशीला वास कसा कळतो, या प्रश्नावर कुलाब्याच्या समुद्रकाठी वर्षानुवर्षे काम चालले आणि त्याचा खर्च अणुऊर्जेच्या अर्थसंकल्पातून होत राहिला.

तीस वर्षांनी, १९९२ च्या सुमारास, त्या छोट्या विभागातून बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. जागा तिथल्या कृषी विद्यापीठाच्या आवारात मिळाली. त्या केंद्राच्या शेजारी २००९ मध्ये सी-कॅम्प ही संस्था आली आणि नवउद्योगांना महागडी उपकरणे, जागा आणि सल्ला मिळू लागला. बंगळुरूच्या जीवविज्ञान उद्योगाला अनेक धागे आहेत, पण त्यांतला एक सरळ कुलाब्याला आणि तिथून अणुऊर्जा विभागाकडे येतो. मुंबईने रोप वाढवले आणि ते दुसऱ्या जमिनीत लावले गेले, याची मला तक्रार करायची नाही. कुलाब्यात जागा नव्हती, तिथे होती. मला महत्त्वाची वाटतात ती मधली तीस वर्षे. तारापूरला सहा वर्षे लागली, जीवविज्ञानाला तीस, आणि त्या तीस वर्षांत बाहेरून पाहणाऱ्याला कुलाब्यात फक्त काचेच्या बाटल्यांतल्या माश्या दिसत होत्या.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची गोष्ट पालघरने मुद्दाम वाचावी अशी आहे. मासेमारीवर जगणारे हे बंदर १९७० साली फोर्टीज तेलक्षेत्र सापडल्यावर युरोपच्या तेलाची राजधानी झाले. शहरात १४९५ साली स्थापन झालेले विद्यापीठ होते आणि तेलाची गर्दी वाढत असतानाच त्या विद्यापीठात जॉन मॅलार्ड यांचा गट शरीराच्या आतले चुंबकीय अनुनादाने पाहण्याचे यंत्र बांधत होता. ऑगस्ट १९८० मध्ये फ्रेझरबर्ग या मासेमारीच्या गावच्या एका रोग्याला त्यांनी त्या यंत्रात ठेवले आणि छातीतली गाठ, यकृतातला बिघाड, हाडांत पसरलेला रोग सगळे चित्रात दिसले. आज आपण एमआरआय म्हणतो त्याचा संपूर्ण शरीरासाठीचा, रुग्णाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारा आरंभ तो. त्या गटाने शोधलेली प्रतिमा मांडण्याची पद्धत जगभरच्या यंत्रांनी उचलली.

उद्योग मात्र ॲबर्डीनला झाला नाही. यंत्रे विकण्यासाठी काढलेली छोटी कंपनी टिकली नाही. गटातला बिल एडेलस्टाइन हा भौतिकशास्त्रज्ञ १९८० मध्येच अमेरिकेला, जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात गेला आणि ताकदवान चुंबकाचे यंत्र तिथे घडले. तारापूरच्या भट्ट्या बांधणारी हीच कंपनी. एका किनाऱ्यावर तिने तयार वस्तू आणून ठेवली, दुसऱ्या किनाऱ्यावरून घडत असलेले ज्ञान नेले. दोन्ही वेळा तिने कुठलाही नियम मोडला नाही. ॲबर्डीनमध्ये तेव्हा भांडवल होते, अभियंते होते, पण ते सगळे समुद्रातल्या फलाटांकडे तोंड करून उभे होते. दहा वर्षे तोटा सोसून रुग्णालयाच्या यंत्रावर पैसा लावील असे कुणी त्यांच्यात नव्हते.

तेलाचा भाव २०१४ नंतर कोसळला तेव्हा त्या शहराने पुन्हा विद्यापीठाकडे पाहिले. या वेळी काही गोष्टी जुळल्या. मुशीच्या जातीच्या माशांच्या रक्तात अतिशय लहान आकाराची प्रतिपिंडे असतात. त्यांवरच्या विद्यापीठातल्या कामातून २०१६ मध्ये इलॅस्मोजेन ही कंपनी बाहेर पडली. २०२३ मध्ये जीवविज्ञानाच्या नव्या कंपन्यांसाठी फॉरेस्टरहिलला स्वतंत्र इमारत उघडली. ती उभी आहे ते आवार रुग्णालय आणि वैद्यकीय विद्यालय एकत्र असावे या मॅथ्यू हे नावाच्या आरोग्याधिकाऱ्याच्या विचारातून आले, आणि तो विचार त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला होता.

रुग्ण आणि प्रयोगशाळा जवळ असण्याचे मोल आपल्याकडे अगदी अलीकडे पुन्हा दिसले. पवईच्या आयआयटीतल्या जैवविज्ञान विभागात राहुल पुरवार यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगावर एक उपचार घडवला. रोग्याच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवे जनुक घालायचे, म्हणजे कर्कपेशींच्या पृष्ठभागावरची सीडी-१९ ही खूण त्या ओळखू लागतात, आणि मग त्या पेशी वाढवून त्याच रोग्याला परत द्यायच्या. प्रयोगशाळेतल्या उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पार करून दिले. जून २०२१ मध्ये खारघरच्या टाटांच्या केंद्रात पहिल्या रोग्याला त्या पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी आली, आणि आयआयटीतूनच निघालेली इम्युनोॲक्ट ही कंपनी आता तो उपचार पुरवते. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा हा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या भागात सुरू झाला. तोही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, हे रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. तरी विद्यापीठातला विचार, अणुऊर्जा विभागाचे रुग्णालय आणि दोन्हींच्या मधोमध जन्मलेली कंपनी हा नमुना आता मुंबईच्या परिसरात पूर्ण होऊन दिसला आहे. पालघर त्यात आहे तो रोग्याच्या रूपाने.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तरी जीवविज्ञान नाही का, असे कुणी विचारील. आहे, पण एका ठरावीक टप्प्यापुरते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचा हक्क काढून तो फक्त कृतीवर ठेवला आणि तोच रेणू वेगळ्या कृतीने बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या. त्या कृती शोधण्याचे डोके माटुंग्याच्या रसायन तंत्रशास्त्र विभागातून आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आले. पिलानीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या देशबंधू गुप्ता यांनी १९६८ मध्ये मुंबईत ल्युपिन काढली, क्षयरोगाच्या औषधांत नाव कमावले. तिचा औषधद्रव्यांचा एक कारखाना तारापूरला आहे. अशा अनेक कारखान्यांत पालघरच्या दांडेकर महाविद्यालयातून, वसई-विरारच्या महाविद्यालयांतून बीएस्सी झालेली मुले पाळीने काम करतात. अभिक्रिया कधी बिघडते, वास कसा बदलतो, कोणत्या क्षणी तापमान उतरवायचे, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. वसई पूर्वेच्या गाळ्यांत औषध कारखान्यांना लागणारी स्टेनलेस स्टीलची पात्रे आणि यंत्रांचे भाग घडतात. या सगळ्याला मी कमी लेखत नाही. भारतातला स्वस्त औषधांचा पुरवठा अशाच हातांवर उभा आहे. पण काय बनवायचे हा निर्णय आणि ते का बनवायचे हा प्रश्न, दोन्ही बाहेरून येतात.

आणि जे उरते ते खाडीत जाते. सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने २०२२ मध्ये तारापूरच्या शंभरावर कारखान्यांना मोठी भरपाई भरण्याचा आदेश दिला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ च्या पावसाळ्याअखेर, शेजारच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे सापडले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. घोळीचे मांस चांगले असते, पण हा भाव मांसाचा नव्हता. तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, कोळी जिला बोत म्हणतात तिला, पूर्व आशियात औषधी म्हणून आणि वैद्यकीय कामासाठी मोठी मागणी आहे. बोत इथून निघते ती सुकवलेल्या मालाच्या रूपात. तिच्यातल्या प्रथिनात खरोखर काय आहे, घोळ किती उरली आहे, ती अंडी कुठे घालते, सांडपाण्याचा तिच्यावर काय परिणाम होतो, हे प्रश्न मुरब्याच्या किनाऱ्यावर विचारले जायला हवेत. ॲबर्डीनने मुशीच्या रक्ताकडे जसे पाहिले तसे घोळीकडे पाहणारे कुणीतरी इथे हवे.

या किनाऱ्याने माहिती द्यायची आणि ग्रंथ दुसरीकडे व्हायचा, ही रीत तशी जुनी. मुंबई बेट वसईच्या पोर्तुगीज कारभाराखाली होते तेव्हा ते गार्सिया द ऑर्ता या वैद्याला खंडाने मिळाले होते. इथल्या वैद्य-हकिमांकडून शिकलेल्या औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले, चार वर्षांत त्याचा लॅटिन सारांश युरोपात निघाला आणि तिथल्या वैद्यकाने ते पचवून टाकले. ऑर्ताने आपल्या देशी गुरूंना पुस्तकात जागा दिली, त्यांच्या अनुभवाला ग्रीक आचार्यांच्या वचनाइतके वजन दिले, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

आपल्या भूमीचे प्रश्न हातात घेऊन अणुविज्ञान आणि कृषिविज्ञान एकत्र आल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तने शोधायला सुरुवात केली. त्यांतून निघालेले वाण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतांवर पारखले गेले. टीएजी-२४ हा भुईमूग आणि टीएयू-१ हा उडीद विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नावाने माहीत आहेत. नावातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा. श्रेयात विद्यापीठाचा वाटा बियाण्याच्या पिशवीवर छापून आला. प्रयोगशाळेने किरण दिले, विद्यापीठाने जमीन, हंगाम आणि तुलना दिली, आणि शेतकऱ्याने वाण स्वीकारून निकाल दिला.

पालघरचे असे प्रश्न कोणते? घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या बागांना औष्णिक केंद्राच्या राखेच्या भीतीने आणि बी पोखरणाऱ्या अळीने गेली कित्येक वर्षे ग्रासले आहे. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने दोन दशकांहून अधिक काळ त्याची राखण केली आणि औष्णिक केंद्राला धुरातले गंधक धुणारी यंत्रणा बसवायला लावली. न्यायालयीन लढाईला लागणारा पुरावा गोळा करणारे जीवशास्त्र मात्र तुटक राहिले. बागेत वर्षानुवर्षे मोजमाप घेत बसणारा माणूस कुणी नेमला नाही.

दुसरा प्रश्न मला याहून जिव्हाळ्याचा आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगच्या गटाने या आजाराला रेणूचा आजार म्हटले. रेणवीय वैद्यकाचा आरंभच या रोगापासून धरतात. २०२३ च्या अखेरीस जनुक कापून बदल घडवणारा जगातला पहिला मान्य उपचार आला तोही याच रोगावर, अमेरिकेत बावीस लाख डॉलर किमतीचा. विज्ञानाच्या सर्वांत पुढच्या टोकाचा रोगी मोखाड्यात राहतो, आणि साधी हायड्रॉक्सियुरियाची गोळी त्याला नियमित मिळते की नाही याची चिंता करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधनाचे एक एकक डहाणूला आहे. रक्तविकारांवर काम करणारी तिची राष्ट्रीय संस्था परळला आहे. म्हणजे अगदी शून्यातून सुरुवात करायची नाही.

आधी रस्ते, आधी रुग्णालयात डॉक्टर, मग संशोधन, असे म्हणणाऱ्यांचा आवाज मला ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. पण १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगने माणसे मरत असताना वाल्देमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका कोपऱ्यात काम मांडले आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला लस टोचून घेतली. त्या कोपऱ्यातून परळची संस्था झाली, संस्थेतून १९७५ मध्ये लशी बनवणारे महामंडळ झाले. संकट टळण्याची वाट पाहिली असती तर यांतले काहीच झाले नसते. संशोधन दवाखान्यानंतर येते असे नाही. पुष्कळदा तेच दवाखान्याला डॉक्टर आणून देते, कारण प्रश्न असतो तिथे हुशार माणूस टिकतो.

वसई-विरारच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींकडे पाहिले की हे फार जाणवते. मुंबई विद्यापीठाला जोडलेल्या शेकडो महाविद्यालयांसारखीच ही महाविद्यालये परीक्षेच्या वेळापत्रकाला बांधलेली. शिक्षक तासांच्या ओझ्याखाली, प्रयोग पुस्तकातले, निकाल आधीच ठाऊक असलेले. पदवी झाली की मुले पवईला, हैदराबादला, बंगळुरूला जातात किंवा बोईसरच्या गुणवत्ता तपासणी विभागात लागतात. ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही असा एक प्रयोग तीन वर्षांत त्यांच्या वाट्याला आला, तरी त्यांच्यात फरक पडेल. मुरब्याचे पाणी, चिकूतली अळी, सिकलसेलच्या तपासणीची स्वस्त पट्टी, विषय हाताशी आहेत.

एवढे सगळे म्हटल्यावर प्रयोगशाळा वसईत व्हावी असे मी मागेन, असे वाटेल. मी ती जव्हारला किंवा डहाणूला मागेन. वसई-विरार पिते ते सूर्या धरणाचे पाणी त्याच डोंगराळ पट्ट्यातून येते, आणि ते धरण बांधताना तिथल्या आदिवासींच्या शेतीला पाणी देण्याचे वचन होते. शहराने आपल्या परीने परतफेड करावी. महाविद्यालयांनी शिकलेली माणसे द्यावीत, गाळ्यांनी उपकरणे घडवून आणि दुरुस्त करून द्यावीत, तारापूरच्या वीज केंद्राने आणि कारखान्यांनी सामाजिक कामाच्या निधीतला एक हिस्सा दरवर्षी, न मोडता, दोन-तीन दशके तिकडे वळवावा. इमारत शेवटी झाली तरी चालेल. आधी एका चाळिशीच्या आतल्या, जव्हारला राहायला तयार असलेल्या रक्तविज्ञानाच्या संशोधकाची नेमणूक करावी, दोन तंत्रज्ञ आणि एक गाडी द्यावी, वारली-कोकणा बोलणारे दोन आरोग्यसेवक सोबत द्यावेत, आणि पहिली दहा वर्षे त्याच्याकडे उद्योग किती उभा राहिला याचा अहवाल मागू नये. मागायचीच असेल तर किती मुलांच्या वेदनेच्या रात्री कमी झाल्या याची नोंद मागावी.